वादळात गेलेले छप्पर आणि विम्याची न्याय्य भरपाई

बंगळूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीच्या पठारावर वसलेले आहे. तेथील हवा सौम्य म्हणून प्रसिद्ध असली तरी एप्रिल आणि मे महिन्यांत दुपारनंतर वळवाचे ढग दाटून येतात आणि घटकाभरात सोसाट्याचा वारा, विजा, प्रसंगी गारा आणि मुसळधार पाऊस शहराला झोडपून काढतात. २ जून २०२४ रोजी शहरात १११.१ मिलिमीटर पाऊस झाला. जून महिन्यात एकाच दिवशी इतका पाऊस त्याआधीच्या १३३ वर्षांत नोंदला गेला नव्हता. त्या दिवशी अनेक झाडे उन्मळून पडली. अशा संध्याकाळनंतर कोणाच्या घराची कौले निसटलेली असतात, कोणाचा पत्रा उचकटलेला असतो, तर कोणाच्या छपरावर गुलमोहराची फांदी आडवी झालेली असते. घराचा विमा उतरवलेला असेल तर भरपाई मिळेल काय आणि ती किती मिळेल, हा प्रश्न मग घरमालकापुढे उभा राहतो.

या प्रश्नाचे उत्तर विम्याच्या मूलतत्त्वात आहे. विमा म्हणजे बक्षीस नव्हे आणि अनुग्रहही नव्हे. नुकसान होण्यापूर्वी विमेदार आर्थिकदृष्ट्या ज्या स्थितीत होता, त्या स्थितीला त्याला पुन्हा आणून ठेवणे एवढाच या कराराचा हेतू असतो. शासकीय मदतीहून विमा वेगळा पडतो तो येथेच. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यात असंख्य घरांची छपरे उडवली, तेव्हा शासनाची मदत ठरावीक निकषांनुसार देण्यात आली. ती प्रत्येक घराच्या प्रत्यक्ष हानीचे माप नव्हती. विमेदार मात्र हप्ता भरून हक्क विकत घेतो, आणि त्या हक्काचे माप प्रत्यक्ष हानीइतके असते. त्याहून अधिक नाही, तसेच कमीही नाही.

भरपाईबद्दलचे बहुतेक वाद दोन मुद्द्यांवर होतात. पहिला मुद्दा कारणाचा. छपराची हानी वादळाने झाली की जुनेपणाने? उतरत्या छपरावरून वारा वेगाने वाहतो तेव्हा छपराच्या वरच्या अंगाचा दाब कमी होतो आणि छप्पर वर ओढले जाते. म्हणून कडेची आणि आढ्यावरची कौले प्रथम निसटतात. इमारतींच्या रचनेसाठी भारतीय मानकात बंगळूरकरिता वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ३३ मीटर धरला आहे. मुंबईसाठी तो ४४ मीटर आहे. बंगळूरचा वारा तुलनेने सौम्य मानला जात असल्याने तेथे चांगले बांधलेले छप्पर उडाले, की वासे आधीच कुजलेले होते काय, अशी शंका सर्वेक्षकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. झीज, गंज, वाळवी आणि देखभालीचा अभाव यांची भरपाई विमा देत नाही. गच्चीच्या जुन्या भेगांतून झिरपलेले पाणी हे वादळाचे नुकसान ठरत नाही. परंतु वादळाने पत्रा उचकटला आणि त्या वाटेने पाणी घरात शिरले, तर ती हानी वादळाचीच होय. ताज्या मोडीचे लाकूड आतून उजळ दिसते, कुजलेले काळपट आणि भुसभुशीत असते. असा फरक छायाचित्रात टिपून ठेवला असेल तर पुढचा पुष्कळ वाद टळतो.

दुसरा मुद्दा मापाचा. घराचा विमा उतरवताना जमिनीची किंमत धरायची नसते. तेच घर आज पुन्हा बांधण्यास येणारा खर्च धरायचा असतो. समजा, हा खर्च २० लाख रुपये आहे आणि विमा मात्र १२ लाखांचाच घेतला आहे. जुन्या पद्धतीच्या अग्निविमा पॉलिसीत अशा वेळी उरलेल्या भागाचा विमेदार स्वतःच विमेकरी समजला जातो. त्यामुळे छपराचे १ लाखाचे नुकसान झाले तरी हाती ६० हजारच पडतात. दाव्यातील ही कपात पुष्कळांना अन्याय वाटते; वस्तुतः ती करारातच असते.

१ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाण पॉलिसीने ही अडचण दूर केली. तिच्यात कमी रकमेच्या विम्याबद्दल कपात केली जात नाही. वादळ, पूर आणि वीज यांबरोबरच झाड कोसळून होणारी हानीही तिच्यात समाविष्ट आहे, ही गोष्ट वृक्षराजीच्या बंगळुरात विशेष महत्त्वाची आहे. ढिगारा हलवण्याचा खर्च दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत आणि वास्तुविशारद वा अभियंता यांचे शुल्क ५ टक्क्यांपर्यंत मिळू शकते. या रकमा न मागितल्यामुळेच अनेकदा हातच्या जातात. सदनिकाधारकाने मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. इमारतीची गच्ची ही सामाईक मालमत्ता असते, म्हणून तिचा विमा रहिवाशांच्या संघाने उतरवला आहे काय, हे आधीच पाहिले पाहिजे. घरावर कर्ज असेल तर पॉलिसीची प्रत बहुधा बँकेत असते. ती मागवून वाचावी.

वादळ ओसरल्यावर प्रथम छायाचित्रे घ्यावीत, नंतर ताडपत्री टाकावी. हानी वाढू न देणे हे विमेदाराचे कर्तव्यच आहे आणि ताडपत्रीची पावतीही जपून ठेवावी. फुटकी कौले व मोडके वासे सर्वेक्षकाने पाहिल्याशिवाय टाकून देऊ नयेत. विमा कंपनीला त्वरित लेखी सूचना द्यावी. सुताराकडून वा कंत्राटदाराकडून ‘छप्पर दुरुस्ती’ असा मोघम आकडा न घेता कौले किती, वासे किती व किती लांबीचे, मजुरी किती, असे तपशीलवार अंदाजपत्रक घ्यावे. हवामान विभागाची त्या दिवसाची नोंद आणि पालिकेकडे झाड पडल्याची केलेली तक्रार हीदेखील उपयुक्त साधने होत.

सर्वेक्षक विमा कंपनीने नेमलेला असला तरी तो परवानाधारक असतो आणि निःपक्षपातीपणे मूल्यमापन करणे त्याच्यावर बंधनकारक असते. तो येईल तेव्हा विमेदाराने स्वतः हजर राहून प्रत्येक हानी दाखवावी आणि अहवालाची प्रत मागावी. एखादी बाब वगळली असल्यास किंवा घसारा अवास्तव लावला असल्यास नेमके कारण लेखी विचारावे. सर्वेक्षकाचा अहवाल महत्त्वाचा असला तरी तो अंतिम शब्द नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट केले आहे. ‘पूर्ण व अंतिम भरपाई मिळाली’ अशा पावतीवर सही करण्यापूर्वी थांबून विचार करावा. फसवणुकीने वा दडपणाने घेतलेल्या अशा सहीमुळे ग्राहकाचा हक्क संपत नाही, असा निर्णय १९९९ मध्ये झालेला आहे. पण दडपण सिद्ध करण्याचे ओझे सही करणाऱ्यावरच पडते.

कंपनीने तक्रार फेटाळली, किंवा महिनाभरात उत्तर दिले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. कर्नाटकासाठी हे कार्यालय बंगळुरातच, जयप्रकाश नगरात आहे. तेथे शुल्क नाही, वकिलाची गरज नाही, आणि ५० लाख रुपयांपर्यंतचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. विमेदाराचे समाधान न झाल्यास ग्राहक आयोगाचा मार्ग खुला राहतो. तेथे मुदत दोन वर्षांची असते.

यावरून एक गोष्ट दिसून येईल. न्याय्य भरपाईचा पाया दाव्याच्या दिवशी नव्हे, त्यापूर्वीच घातला जातो. ज्याने योग्य रकमेचा विमा घेतला, पावसाळ्यापूर्वी छपराची डागडुजी करून तिच्या पावत्या ठेवल्या आणि आकाश निरभ्र असताना आपल्या छपराचे एक छायाचित्र काढून ठेवले, त्याला वादळानंतर याचना करावी लागत नाही. त्याला केवळ हिशेब मांडावा लागतो.