तेल, तूप आणि शरीरातला दाह: रिपोर्टमध्ये ‘सीआरपी’ वाढला म्हणजे तेल बंद करायचे का?

बीड जिल्ह्यातल्या ओपीडीत एक प्रश्न हमखास येतो. गुडघेदुखी, मधुमेह किंवा संधिवात असलेला रुग्ण ‘सीआरपी’चा रिपोर्ट टेबलावर ठेवतो आणि सोबत आलेला मुलगा किंवा सून विचारते, “डॉक्टर, सूज वाढलीय म्हणतात. तेल बंद करू का? का करडईचं सुरू करू?” एका शब्दात याचे उत्तर देता येत नाही, पण विषय समजायला अवघडही नाही.

दाह म्हणजे काय?

काटा रुतला की ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. हे आपल्या जन्मजात प्रतिकारशक्तीचे काम असते. रक्तातल्या आणि अवयवांतल्या भक्षक पेशी जंतू ओळखतात आणि रासायनिक संदेश सोडतात. ते संदेश मिळाले की यकृत सीआरपी नावाचे प्रथिन तयार करते. काटा निघाला, जखम भरली की दाह शमतो.

अडचण येते ती दाह मंद आचेवर महिनोन्‌महिने धुमसत राहतो तेव्हा. लठ्ठपणा, टाइप २ मधुमेह, चरबीयुक्त यकृत आणि हृदयविकार या सर्वांत असा मंद दाह आढळतो.

यात स्निग्ध पदार्थांचा संबंध कुठे येतो?

भक्षक पेशींच्या पृष्ठभागावर जंतू ओळखणारी ग्राहके असतात. या जन्मजात प्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी ब्रूस ब्यूटलर आणि ज्यूल्स हॉफमन यांना २०११ मध्ये नोबेल मिळाले. त्यांतले टीएलआर-४ हे ग्राहक काही जिवाणूंच्या आवरणातला एक घटक ओळखते. त्या घटकाचा एक भाग संपृक्त स्निग्धाम्लांचा बनलेला असतो. त्यामुळे आहारातली संपृक्त चरबीही हेच ग्राहक चेतवत असेल, अशी शंका शास्त्रज्ञांना आली. प्रयोगशाळेतल्या काही प्रयोगांत तसे दिसलेही.

पुढे २०१८ मध्ये स्पष्ट झाले की पामतेल, तूप यांत असणारे पामिटिक आम्ल टीएलआर-४ ला थेट चिकटत नाही. पण ते ग्राहक आधीच जागे असेल, तर पेशीच्या आतला कारभार बदलतो आणि पामिटिक आम्लाचा दाह वाढवणारा परिणाम दिसू लागतो. सोप्या भाषेत, चूल आधीच पेटलेली असेल तर हे सरपण जास्त भडकते.

आणि चूल पेटवते कोण? बहुतेक वेळा पोटावरची जादा चरबी. चरबीच्या पेशी क्षमतेपेक्षा जास्त भरल्या की काही मरतात. त्या साफ करायला भक्षक पेशी भोवती जमतात आणि दाहाचे संदेश सोडत राहतात. या संदेशांमुळे इन्सुलिनचे काम अडते. म्हणून तेलाच्या प्रकाराइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, त्याचे एकूण प्रमाण महत्त्वाचे आहे.

मग करडई, सरकी, जवस यांचे काय?

करडई मराठवाड्याची जुनी ओळख. रब्बीच्या ज्वारीत तिचे पाटे असायचे. पारंपरिक करडई तेलात ओमेगा-६ गटातले लिनोलिक आम्ल सुमारे ७० टक्क्यांहून अधिक असते. ‘ओमेगा-६ ने दाह वाढतो’ असे मोबाइलवर बरेच फिरते. पण माणसांवरच्या चाचण्यांत लिनोलिक आम्ल वाढवल्याने दाहाचे निर्देशक वाढल्याचे आढळलेले नाही. ती भीती सोडा.

सरकीच्या तेलात संपृक्त भाग साधारण चौथा हिस्सा असतो, पामतेलात जवळपास निम्मा. शेंगदाणा तेलात तो सरकीपेक्षा कमी असतो.

जवसात ओमेगा-३ गटातले अल्फा-लिनोलेनिक आम्ल भरपूर असते. शरीर त्यातल्या थोड्या भागाचेच माशात मिळणाऱ्या ओमेगा-३ मध्ये रूपांतर करते. माशातल्या ओमेगा-३ पासून दाह शमवणारे पदार्थ तयार होतात. म्हणून जवसाची चटणी चांगली, पण ती औषध नव्हे.

घरी काय करावे?

• राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शनानुसार २००० कॅलरीच्या आहारात तेल-तूप मिळून रोज सुमारे २७ ग्रॅम पुरते. म्हणजे बैठे काम करणाऱ्या चौघांच्या घरात महिन्याला साधारण साडेतीन लिटर. ऊसतोडीसारखे कष्टाचे काम असेल तर गरज जास्त असते.
• करडई, शेंगदाणा, सोयाबीन अशी तेले आलटून पालटून वापरा. भाकरीवर चमचाभर तूप चालते.
• जवस भाजून, कुटूनच खा. अख्खे दाणे न पचताच निघून जातात. चटणी थोडी-थोडी करा, जुनी झाली की खवट होते.
• वनस्पती तूप आणि पुन्हा पुन्हा तापवलेले तळणाचे तेल टाळा. ट्रान्स फॅटवर आपल्याकडे जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे. पण एकच तेल वारंवार तापवल्याने होणारे नुकसान त्यामुळे टळत नाही.
• मांसाहारी असाल तर आठवड्यातून एक-दोनदा मासे खा. तळण्याऐवजी रस्सा करा.

डॉक्टरांकडे कधी जावे?

सीआरपी वाढण्याचे कारण बहुधा जेवण नसते. ताप, दातातला किंवा लघवीतला संसर्ग, क्षयरोग, संधिवात यांनीही तो वाढतो. आकडा खूप वाढला असेल, सोबत ताप, वजनात घट किंवा सकाळी सांधे तासभर आखडत असतील, तर तेल बदलून वाट पाहू नका.

आणि सर्वांत महत्त्वाचे: संधिवात किंवा मधुमेहाच्या गोळ्या जवसाच्या भरवशावर बंद करू नका. गोळ्या थांबवून नुसती चटणी खात राहिलेल्या रुग्णाचे सांधे दरम्यान कायमचे वाकू शकतात. वाकलेला सांधा पुन्हा सरळ करणे फार अवघड असते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर माशाच्या तेलाच्या कॅप्सूलही विचारल्याशिवाय घेऊ नका.

तेल बंद करण्याची गरज नाही. ते मोजून वापरा, पोटाचा घेर कमी करा आणि औषधे वेळेवर घ्या.