एकट्याचं हिमवादळ
स्वित्झर्लंडमध्ये १९९७ साली सुरू झालेला ‘पेइझाज दिव्हेर’ हा ब्लॅक मेटल बँड म्हणजे एकच माणूस. रेकॉर्डिंगमधली वाद्यं त्याची, किंकाळ्याही त्याच्याच. ऐकताना मात्र हिमवादळ अंगावर येतं. ते कसं?

डिस्टॉर्शन गिटारच्या ध्वनिलहरींचे माथे छाटतं. त्यातून मूळ कंपनसंख्येच्या पटीतले नवे स्वर उमटतात, आवाज दाट होतो. तीच ओळ पुन्हा वाजवून दोन कानांत विभागली, की सूक्ष्म फरकांमुळे तो रुंदावतो. राहिली आवाजाची खोली. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो; १७ मीटरवरच्या भिंतीवर आपटून परतायला त्याला साधारण ०.१ सेकंद लागतो. डिजिटल रिव्हर्ब असे असंख्य प्रतिध्वनी गणिताने रचतं आणि मेंदू त्यावरून जागेचा आकार ठरवतो.

म्हणून घरी रेकॉर्डिंग कोरडंच करावं: रिव्हर्ब नंतर मिसळता येतं, खोलीचा घुमारा काढणं फार कठीण.