सिरीज बोर्डवरचा प्रीअ‍ॅम्प

नव्याने जोडलेल्या यंत्राचा प्लग थेट भिंतीत खोचायचा नाही, हा रेडिओ दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींचा जुना नियम. आधी सिरीज बोर्ड. लाकडी फळीवर एक होल्डर, त्यात साठ किंवा शंभर वॉटचा पिवळा बल्ब आणि त्याच्याशी सिरीजमध्ये एक सॉकेट. यंत्रात कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. सगळं ठीक असेल तर तो क्षणभर उजळतो आणि मंदावतो. घरच्या टेबलावर, ट्रान्सफॉर्मरवर चालणारा हायब्रीड ट्यूब प्रीअ‍ॅम्प्लिफायर जोडणाऱ्याने सुरुवात याच फळीपासून करावी.

प्रीअ‍ॅम्पचं काम लहान, पण नाजूक. टेपडेक, मोबाइल किंवा मायक्रोफोनकडून आलेला अशक्त सिग्नल मुख्य अ‍ॅम्प्लिफायरला पेलेल इतका मोठा करायचा. इथे जी घाण शिरेल ती पुढे कितीतरी पट मोठी होऊन स्पीकरमधून बाहेर येते. हायब्रीड प्रीअ‍ॅम्पमध्ये हे काम दोघांत वाटलेलं असतं. व्होल्टेज वाढवतो व्हॉल्व्ह, म्हणजेच ट्यूब, आणि वाढलेला सिग्नल वायरवरून पुढे ढकलतो ट्रान्झिस्टर किंवा मॉसफेट.

ही वाटणी का, ते एका हिशेबात कळतं. ईसीसी८३, म्हणजे अमेरिकन नावाने १२एएक्स७, हा व्हॉल्व्ह सिग्नल भरपूर मोठा करतो, पण १०० किलोओहमच्या लोडसह त्याचा आउटपुट इम्पिडन्स ३८ किलोओहमच्या आसपास जातो. त्याला पाच मीटर शिल्डेड वायर जोडली आणि वायरचा कपॅसिटन्स मीटरला १०० पिकोफॅरड धरला, तर सुमारे ८ किलोहर्ट्झच्या वर आवाज गळू लागतो. झांजेची धार बोथट होते. मधे मॉसफेटचा फॉलोअर बसवला की इम्पिडन्स काहीशे ओहमच्या आत येतो आणि गळतीची सीमा कानाच्या टप्प्यापलीकडे निघून जाते. मॉसफेट इथे आवाज वाढवत नाही, तो फक्त ओझं वाहतो.

अशी जोडी काही आजची नाही. १९५०च्या दशकाच्या मध्यावर मोटारींच्या रेडिओंसाठी बॅटरीच्या १२ व्होल्टवरच चालणारे खास व्हॉल्व्ह निघाले. त्याआधी व्हॉल्व्हच्या प्लेटला लागणारं मोठं व्होल्टेज मिळवायला कारमध्ये सतत घरघरणारा व्हायब्रेटर ठेवावा लागे. नव्या व्हॉल्व्हना स्पीकर हलवण्याइतकी ताकद नव्हती, म्हणून शेवटच्या टप्प्यावर पॉवर ट्रान्झिस्टर आला. व्हॉल्व्ह मागे आणि ट्रान्झिस्टर पुढे, ही मांडणी तेव्हापासूनची आहे.

व्हॉल्व्हचं नाव वाचता आलं की अर्धी माहिती मिळते. युरोपीय पद्धतीत ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्टचा हीटर, प्रत्येक ‘सी’ म्हणजे एक ट्रायोड आणि ‘८’ म्हणजे नऊ पिनांचा काचेचा तळ. ईसीसी८३मध्ये दोन ट्रायोड आहेत हे नावातच आलं. अमेरिकन नावातला सुरुवातीचा १२ हा आकडाही हीटरचाच, पण त्याचे दोन भाग सिरीजमध्ये जोडल्यावरचा. हे व्हॉल्व्ह परदेशीच असायचे असंही नाही. १९५४ साली बंगळूरला स्थापन झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६०च्या दशकात रेडिओचे व्हॉल्व्ह देशात बनवले. आज नवा माल मुख्यतः रशियातलं सारातोव, स्लोव्हाकियातलं चाद्त्सा आणि चीन इथून येतो.

नागपूरचं आवाजाशी नातं जुनं आहे. इथलं आकाशवाणी केंद्र १९४८ सालचं. १९८८ साली आकाशवाणीचा नॅशनल चॅनल सुरू झाला तोही नागपूरच्या एक मेगावॉटच्या प्रक्षेपकावरून, १५६६ किलोहर्ट्झवर. प्रीअ‍ॅम्पला लागणाऱ्या रेझिस्टन्स, कंडेन्सर, सोल्डर अशा किरकोळ वस्तू शहरातल्या सीताबर्डीवरून आणता येतात. व्हॉल्व्ह आणि त्याचा सिरॅमिक सॉकेट यांसाठी मात्र मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा ऑनलाइन मागणी.

ऑनलाइन सर्वांत स्वस्त मिळतं ते ६जे१ व्हॉल्व्हचं छोटं चिनी किट. १२ व्होल्ट एसीवर चालतं, एका संध्याकाळी जोडून होतं आणि शिकण्यासाठी चांगलं आहे. पण अशा अनेक किटांमध्ये व्हॉल्व्हखाली रंगीत एलईडी असतो. त्या उजेडावरून व्हॉल्व्ह जिवंत आहे असं समजू नये. खरा हीटर अंधारात मंद नारिंगी दिसतो आणि काच हाताला गरम लागते.

नागपुरात या यंत्राची खरी परीक्षा उन्हाळा घेतो. २३ मे २०१३ रोजी शहराचं तापमान ४७.९ अंशांवर गेलं होतं. १२एयू७चा हीटर १२.६ व्होल्टवर १५० मिलिअँपिअर घेतो, म्हणजे दोन व्हॉल्व्ह मिळून जवळपास चार वॉट उष्णता बंद डब्यात सतत सोडतात. मे महिन्यात डब्याच्या आत ६५ अंश होणं अवघड नाही. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचा ढोबळ नियम असा, की दर १० अंशांनी तापमान घटलं तर आयुष्य दुप्पट होतं. ८५ अंश आणि २००० तास असं लिहिलेला कंडेन्सर ६५ अंशांना ८००० तास टिकेल. रोज पाच तास ऐकलं तर साडेचार वर्षंही नाहीत. त्याच तासांचा १०५ अंशांचा कंडेन्सर ३२००० तास, म्हणजे सतरा वर्षांवर जातो. किमतीत फरक थोडाच. विदर्भात ८५चा कंडेन्सर बसवूच नये, आणि तो व्हॉल्व्हला चिकटून तर मुळीच नको.

दुसरी परीक्षा कूलरची. कूलर किंवा त्याचा पंप चालू-बंद केला की स्विचवर ठिणगी पडते आणि स्पीकरमधून ‘टक’ येतं. असं होत असेल तर आधी मेनच्या बाजूचा फिल्टर आणि अर्थिंग तपासावं. अनेक जण गुणगुण घालवायला तीन पिनांच्या प्लगची अर्थ पिनच काढून टाकतात. आवाज थांबतो, पण आत वायर सुटून डब्याला लागली तर २३० व्होल्ट थेट हातात येतात. कूलरच्या पत्र्याचा शॉक ठाऊक असलेल्या शहराला हे वेगळं सांगायला नको.

गुणगुणीचं कारण बरंचसं कानानेच कळतं. मेनची ५० हर्ट्झ म्हणजे खोल, जाड ‘हुं’. ती अर्थच्या दोन वाटा झाल्यामुळे किंवा हीटरची एसी वायर व्हॉल्व्हच्या ग्रिडजवळून, म्हणजे सिग्नल आत येतो तिथून, गेल्यामुळे येते. त्याच स्वराच्या वरच्या सप्तकात, १०० हर्ट्झवर, किंचित खरखरीत आवाज असेल तर रेक्टिफायरनंतरचा फिल्टर कंडेन्सर कमी पडतोय. मग व्हॉल्यूम शून्यावर न्यायचा. तरीही गुणगुण राहिली तर दोष व्हॉल्यूम कंट्रोलच्या पुढे आहे, गेली तर मागे.

एकच चॅनल बिघडला असेल तर बंद करून, थंड होऊ देऊन डावा-उजवा व्हॉल्व्ह अदलाबदल करायचा. दोष दुसऱ्या बाजूला सरकला तर व्हॉल्व्ह गेला, जागेवरच राहिला तर सर्किट. दोन्ही व्हॉल्व्ह एकदम विझले तर मात्र घाबरून दोन्ही बदलू नयेत. ईसीसी८८सारख्या ६.३ व्होल्टच्या व्हॉल्व्हचे हीटर १२ व्होल्टवर बरेचदा सिरीजमध्ये असतात आणि दिवाळीच्या माळेसारखे एकामुळे दोघे जातात. पेन्सिलने काचेला हलकं टिचकवल्यावर स्पीकरमध्ये घंटेसारखा ‘टण्ण’ वाजला, तर आतली ग्रिड सैल आहे.

यानंतर मल्टिमीटर. प्लेटचं व्होल्टेज सप्लायच्या निम्म्याच्या आसपास हवं. ते पूर्ण सप्लायइतकं भरलं तर व्हॉल्व्हमधून करंटच वाहत नाही. हीटर, कॅथोडचा रेझिस्टन्स आणि सॉकेटवरचं ड्राय सोल्डर या क्रमाने पाहावं. प्लेट शून्याकडे झुकली असेल तर ग्रिडचा रेझिस्टन्स सुटलाय का, किंवा आधीचा कपलिंग कंडेन्सर गळतोय का, हे बघावं. मॉसफेट उगाच तापत असेल तर तो कानाला न कळणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर ऑसिलेट होत असण्याची शक्यता मोठी. गेटला अगदी चिकटून काहीशे ओहमचा एक रेझिस्टन्स लावला की बहुधा शांत होतो.

चालू करतानाचा ‘धप्प’ ही हायब्रीडची खास खोड. सिलिकॉन क्षणात जागं होतं, व्हॉल्व्हला तापायला वीस-तीस सेकंद लागतात. तेवढ्यात प्लेटचं व्होल्टेज खाली येतं आणि तो धक्का पुढे जातो. आउटपुटवर अर्धा मिनिट उशिराने जोडणारा रिले बसवावा, स्पीकर वाचतो.

एवढा खटाटोप कशासाठी? मोजून पाहिलं तर साध्या ऑपअँपचा आवाज या यंत्रापेक्षा जास्त बिनचूक असतो, हे मान्य करायला हवं. ट्रायोड आपलं थोडं मिसळतो, आणि मुख्यतः दुसरा हार्मोनिक मिसळतो. २४० हर्ट्झच्या सा मध्ये ४८० मिळवणं म्हणजे तार सा मिळवणं. तिसरा हार्मोनिक ७२०, म्हणजे तार सप्तकातला पंचम. तानपुऱ्याची तार हेच स्वर आपसूक देते, म्हणून कान त्यांना परकं मानत नाही. हा बिनचूकपणा नव्हे, रंग आहे, आणि गाण्याला तो शोभतो.

त्याहून मोठी गोष्ट अशी, की या यंत्राचा प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, मोजता येतो, घरी बदलता येतो. म्हणून माळ्यावर एखादा जुना टेपरेकॉर्डर किंवा लग्नमंडपातला अ‍ॅम्प्लिफायर पडला असेल, तर भंगारात देण्याआधी मागचं झाकण काढून व्हॉल्व्हवरचे नंबर लिहून घ्या. ईसीसी८३ तिथे सापडू शकतो. प्लग आधी काढा, आणि मोठ्या कंडेन्सरवर मीटर शून्य दाखवेपर्यंत आत बोट घालू नका.