लिनक्सवर वाय-फाय : कार्ड दिसतं, नेटवर्क का नाही?

ड्रायव्हर कर्नलमध्ये चालतो, फर्मवेअर कार्डाच्या चिपवर. बहुतेक कार्डांत फर्मवेअर संगणक दर वेळी सुरू होताना चढवावं लागतं. ती फाइल नसेल, तर ड्रायव्हर असूनही वाय-फाय चालत नाही.

• आधी चिप ओळखा. खोक्यावरच्या नावावर जाऊ नका. एकाच मॉडेलच्या दोन आवृत्त्यांत वेगळ्या चिपा निघतात. 'एलएसपीसीआय -एनएन' ही आज्ञा आतल्या कार्डाचा क्रमांक दाखवते, 'एलएसयूएसबी' डोंगलचा. क्रमांकाचा पूर्वार्ध कंपनीचा : ८०८६ इंटेल, १४ई४ ब्रॉडकॉम.

• ब्रॉडकॉमची जुनी कार्डं सर्वांत चिवट. त्यांचा 'बी४३' ड्रायव्हर स्वयंसेवकांनी चिपचं वागणं उलगडून लिहिला. फर्मवेअर मात्र कंपनीच्याच ड्रायव्हरमधून कापून काढावं लागतं. त्या साधनाचं नावच 'फर्मवेअर कटर'. सप्टेंबर २०१० मध्ये कंपनीने काही नव्या चिपांसाठी मुक्त ड्रायव्हर खुला केला.

• डेबियन १२ (जून २०२३) : कंपन्यांच्या मालकीचं (मुक्त नसलेलं) फर्मवेअर आता अधिकृत इन्स्टॉलरमध्येच.

• 'आरएफकिल लिस्ट' ही आज्ञा वाय-फाय अडवलेलं आहे का ते दाखवते : 'सॉफ्ट' अडवणूक आज्ञेने उठते. 'हार्ड' दिसली, तर लॅपटॉपच्या कडेचं वाय-फायचं बटण तपासा.