शेजारच्या खोलीला पत्र, तेही मुंबईमार्गे!

बालमित्रांनो, एक प्रश्न विचारते. स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या आईला तुम्हांला एक चिठ्ठी द्यायची आहे. तुम्ही काय कराल? चार पावलं चालून तिच्या हातात द्याल, की पाकिटात घालून टपालपेटीत टाकाल? म्हणजे ती आधी मुंबईला जाणार आणि तिथून फिरून पुन्हा आपल्याच दारात येणार!

हसलात ना? पण आपल्यापैकी बरेच जण रोज असंच करतात बरं का! मोबाइलमधला फोटो शेजारच्या टेबलावरच्या संगणकात हवा असतो. तो आपण आधी इंटरनेटवरून ‘क्लाउड’वर चढवतो आणि मग तिथून खाली उतरवतो.

क्लाउड म्हणजे ढग. पण हा ढग काही आभाळात नसतो. मोठमोठ्या इमारतींत हजारो संगणक रात्रंदिवस चालू असतात, ते तापू नयेत म्हणून थंड ठेवावे लागतात. अशा इमारती आपल्या नवी मुंबईत आहेत, सिंगापूरला आहेत, आणखीही कितीतरी देशांत आहेत. थोडक्यात काय, क्लाउड म्हणजे दुसऱ्याचा संगणक!

माझी फजिती

आता माझीच एक गोष्ट सांगते. माझी आजी जात्यावरच्या ओव्या म्हणायची. जातं कधीच कोपऱ्यात गेलं होतं, पण ओव्या तिला तोंडपाठ. एका दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्याजवळ बसले आणि मोबाइलवर चौदा ओव्या भरून घेतल्या. ती म्हणाली, “अगं, माझा चिरका आवाज कशाला भरतेस त्यात?”

पुढे मोबाइलची जागा भरली. मी म्हटलं, ‘ओव्या क्लाउडवर आहेत, संगणकातही आहेत. मग मोबाइलमधल्या पुसायला काय हरकत आहे?’ पुसल्या. दोन-तीन महिन्यांनी संगणक उघडून बघते तो काय, ओव्या गायब! क्लाउडवरही नाहीत. तिथल्या कचरापेटीची मुदतसुद्धा उलटून गेलेली. आणि तोवर आजीही राहिली नव्हती. आत्याला पाठवलेल्या तीन ओव्या तेवढ्या वाचल्या.

चूक माझीच होती. ‘सिंक’ या शब्दाचा अर्थ मी नीट समजूनच घेतला नव्हता. सिंक म्हणजे आरसा. इकडे नवा फोटो आला की तिकडे येतो आणि इकडचा पुसला की तिकडचाही पुसला जातो. जपून ठेवण्याची प्रत, म्हणजे बॅकअप, ही मात्र आजीच्या ट्रंकेसारखी. त्यात ठेवलेलं आपण हात लावेपर्यंत तसंच राहतं.

घरातल्या घरात

मग मी शोध घेऊ लागले. क्लाउडशिवाय मोबाइल आणि संगणक जुळवता येतात का? येतात की! आणि ही युक्ती जुनीच आहे. १९९६ साली ‘पायलट’ नावाचं तळहाताएवढं यंत्र बाजारात आलं. ते संगणकाला जोडलेल्या स्टँडवर ठेवायचं, एक बटण दाबायचं, की दोन्हींकडचे पत्ते आणि टिपणं सारखी! इंटरनेटची गरजच नाही. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ‘आरसिंक’ ही प्रणाली तयार केली. फाइलचा जेवढा भाग बदलला तेवढाच पाठवायचा, ही तिची खुबी.

आज आपल्या घरात वाय-फायचा राउटर असतो. मोबाइल, संगणक या सगळ्यांना तो घरगुती क्रमांक देतो. पुष्कळ घरांत तो १९२.१६८ ने सुरू होतो. जणू वाड्यातल्या खोल्यांचे नंबर! एका खोलीतून दुसऱ्या खोलीत निरोप न्यायला राउटर पुरेसा आहे. इंटरनेट बंद असलं तरी चालतं.

‘सिंकथिंग’ नावाची एक मोफत प्रणाली हेच करते. ती २०१३ साली सुरू झाली. ती फाइलचे तुकडे करते आणि प्रत्येक तुकड्याचा जणू अंगठ्याचा ठसा घेते. दोन्हींकडचे ठसे जुळले तर तो तुकडा पाठवायचाच नाही! शिवाय, दोन्ही यंत्रांनी एकमेकांना ‘ओळखतो’ असं सांगितल्याशिवाय दार उघडत नाही. एकच फाइल दोन्हींकडे एकाच वेळी बदलली, तर ती दोन्ही रूपं वेगवेगळ्या नावांनी ठेवते. मात्र मूळ गटाने तिचं अँड्रॉइड अ‍ॅप काढणं २०२४ मध्ये थांबवलं. तेव्हा मोबाइलवर काय घ्यायचं, ते घरातल्या जाणत्या माणसाला विचारूनच ठरवा. एखाद-दुसरी फाइल पाठवायची असेल, तर ‘लोकलसेंड’ आहे. आणि काहीच नको असेल, तर साधी यूएसबी केबल आहेच की!

जरा गणित करूया?

१००० मेगाबाइटचा स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ आहे. १ बाइट म्हणजे ८ बिट. इंटरनेटवर चढवण्याचा वेग सेकंदाला ८ मेगाबिट धरा. किती वेळ लागेल? १००० सेकंद, म्हणजे १६ मिनिटं ४० सेकंद, तेही फक्त चढवायला! घरातल्या वाय-फायचा वेग सेकंदाला १६० मेगाबिट धरला तर? अवघे ५० सेकंद. आणि रिचार्जमधला डेटाही खर्च होत नाही.

मग क्लाउड वाईटच का? नाही हं! २०१९ साली कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ साली चिपळूणला महापुराचं पाणी घराघरांत शिरलं. अशा वेळी मोबाइल आणि संगणक एकाच घरात असतील, तर दोन्ही भिजतात. म्हणून जाणकार ३-२-१ चा नियम सांगतात. प्रती ३, साधनं २ प्रकारची आणि १ प्रत घराबाहेर. ती क्लाउडवर असो, नाहीतर मामाच्या घरी पेनड्राइव्हमध्ये.

आई-बाबांनो, आपल्या घरात असं कुठे काय ठेवलंय, हे आज मुलांबरोबर बसून एकदा बघाच. मोबाइलमधून काही पुसण्याआधी एक छोटीशी परीक्षा घ्या. बिनमहत्त्वाचा एक फोटो पुसा आणि दुसरीकडे तो राहतो का, ते पाहा. मी ही परीक्षा घेतली असती, तर आज चौदाच्या चौदा ओव्या ऐकता आल्या असत्या.

आणि मुलांनो, तुमचा गृहपाठ सोपा आहे. आजी-आजोबांजवळ बसा. एक गाणं, एखादी गोष्ट त्यांच्या आवाजात भरून घ्या. मग तिच्या तीन प्रती करा. कराल ना?