हिरवळ आणि हंडा

पाऊस दगा देतो त्या वर्षी खेळाच्या मैदानांस पाणी द्यावे की नाही, यावर आपल्याकडे वाद फार होतात. विचार थोडा होतो. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली आगगाडी लातुरास पोहोचली. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे क्रिकेट सामने महाराष्ट्राबाहेर नेण्याचा आदेश दिला. मैदानांस साठ लाख लिटर पाणी लागेल, असे याचिकेत म्हटले होते. म्हणजे त्या गाडीच्या बारा खेपा!

सामने गेले, वाद शमला. प्रश्न मात्र उरला. कारण क्रिकेटच्या मैदानाहून कितीतरी विस्तीर्ण अशी गोल्फची मैदाने उन्हाळ्यातही हिरवीगार दिसलीच पाहिजेत, अशी शहरवासीयांची समजूत आहे. वस्तुतः या मैदानांवर जोपासल्या जाणाऱ्या गवतांतील एक प्रमुख जात म्हणजे आपली हरळीच होय. धाराशिव जिल्ह्यातील तेरखेड्याच्या शेतकऱ्यास ती पुरती ठाऊक आहे. तो तिच्या काशा खणून, वेचून बांधावर टाकतो. तरी मृगाच्या सरींबरोबर ती पुन्हा डोके वर काढतेच. पाण्यावाचून तिची पाती वाळतात, जमिनीतील काशा तग धरून राहतात.

तेव्हा टंचाईच्या काळात, चेंडू खळगीत लोटण्याचे जे लहानसे ‘ग्रीन’ असतात, तेवढेच पहाटेच्या वेळी पाणी देऊन जगवावेत. उर्वरित गवत थोडे उंच राखावे आणि खुशाल पिवळे पडू द्यावे. ग्रीनसाठीही शुद्ध केलेले सांडपाणीच वापरावे. २०१६ साली रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबकडून असे पाणी घेण्याची तयारी क्रिकेटच्या संयोजकांनी न्यायालयात दर्शविली होती. जे न्यायालयाच्या दारी सुचले, तो नित्याचा नियम का होऊ नये?

पुण्यामुंबईच्या मैदानांवर वाचलेले पाणी तेरखेड्यास पोहोचणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु त्याच शहरांत टँकरची वाट पाहत बसलेल्या वस्त्या आहेत. त्यांच्यापर्यंत ते खचित पोहोचू शकते. म्हणून टंचाई जाहीर होताच पिण्याचे पाणी कोणत्याही हिरवळीस देऊ नये, असा स्पष्ट नियम नगरपालिका व महानगरपालिकांनी करावा, अशी आमची मागणी आहे. हरळी पावसाची वाट पाहू शकते. तहानलेल्या माणसाला ते शक्य नाही.