बोटं निळी का पडतात?

पार्टीवर छापा पडला की ‘एलएसडीचे पेपर जप्त’ असं छापून येतं. पण त्या इवल्याशा कागदात नेमकं काय मुरवलंय, हे प्रयोगशाळेशिवाय कळत नाही. एलएसडी म्हणून विकलेल्या कागदांत डीओबी निघाल्याच्या नोंदी आहेत. हे भास घडवणारं अॅम्फेटामाइन रसायनशास्त्रज्ञ अलेक्झांडर शुल्गिन यांनी १९६७ मध्ये बनवलं. दोन-तीन मिलिग्रॅम पुरतात. मात्र अंमल सावकाश चढतो आणि दिवसभर उतरत नाही. ‘काहीच होत नाही’ म्हणून दुसरा कागद जिभेवर ठेवणारा सर्वांत धोक्यात असतो.

डीओबी घेतलेल्या रुग्णाच्या अंगभर रक्तवाहिन्या आवळल्याची हकिगत ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात १९८३ मध्येच आली होती. सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनाच्या ज्या ग्राहींमुळे (रिसेप्टरमुळे) मेंदूत भास होतात, तेच ग्राही धमन्यांच्या भिंतीतल्या स्नायूंवरही असतात. धमनी आकसते, बोटांकडचं रक्त मंदावतं. पेशी त्यातला होता नव्हता तो ऑक्सिजन ओढून घेतात आणि उरलेलं काळपट रक्त त्वचेतून निळसर दिसतं. जीभ गुलाबी पण बोटं निळी आणि गार, तर अडचण बहुधा फुप्फुसात नसते, रक्ताच्या वाटेत असते. युरोपात राय धान्यावरच्या अर्गट बुरशीनं पूर्वी माणसांची बोटं अशीच काळी पडून झडत. एलएसडीचं मूळही त्याच बुरशीत आहे. (आपल्या बाजरीवरचा अर्गट वेगळा; त्यानं उलट्या आणि चक्कर येते.)

या साऱ्यात मला अस्वस्थ करतात ते पर्ड्यू विद्यापीठात काम केलेले रसायनशास्त्रज्ञ डेव्हिड निकोल्स. सेरोटोनिनचे हेच ग्राही समजून घ्यायला त्यांच्या प्रयोगशाळेनं नव्वदच्या दशकात एक रेणू घडवला. पुढे तो ‘ब्रोमो-ड्रॅगनफ्लाय’ नावानं बाजारात आला. स्कँडिनेव्हियात त्यानं जीव घेतले. स्वीडनमध्ये एका रुग्णाची बोटं कापावी लागली. आपले शोधनिबंध वाचून लोक माणसांना विकायची रसायनं बनवताहेत, ही सल निकोल्स यांनी २०११ मध्ये ‘नेचर’मध्ये मोकळेपणानं लिहिली. उंदरांवरच्या प्रयोगातून रेणूचा परिणाम कळतो, माणसासाठी तो सुरक्षित आहे हे सिद्ध होत नाही. मला त्यांचं संशोधन दोषी वाटत नाही. दोष आहे तो विषाची परीक्षा गिऱ्हाइकाच्या शरीरावर करणाऱ्यांचा.

कुणाची बोटं निळी, गार आणि बधिर पडली, तर शेकत बसू नका. लगेच रुग्णालय गाठा आणि काय घेतलं होतं ते डॉक्टरांना खरं सांगा. आवळलेल्या धमन्या सैल करणारी औषधं आहेत, पण ती वेळेत मिळायला हवीत.